निकमांच्या अंगठ्याचा देखणा फोटो

निकमांचा डावा पाय स्टँडवर होता, अंगठ्याच्या बाजूला जेलचा थर होता, आणि स्क्रीनवर जे उमटत होतं त्यावर माझा विश्वास बसत नव्हता. बारीक बारीक रेघा. एकीतून दुसरी फुटलेली, दुसरीतून तिसरी. केसाएवढ्या रक्तवाहिन्यांचं असं जाळं आमच्या मशीनवर मी त्याआधी एकदाही पाहिलं नव्हतं. आमच्या माहितीपत्रकावर होतं, पण ते चित्रकाराने काढलेलं होतं.

आधी मशीनबद्दल सांगते. सव्वीस वर्षं मी सोनोग्राफी मशीनच्या दुरुस्तीत काढली. मग रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत ॲप्लिकेशन इंजिनीअर म्हणून लागले. म्हणजे मशीन इतर लोक बनवतात, डॉक्टर वापरतात, आणि मधल्या शिव्या मी खाते. आमचं मशीन उजेड टाकतं आणि आवाज ऐकतं. हे वाक्य बोलले की समोरच्याला वाटतं बाई थापा मारतेय, म्हणून मी पत्र्याचं उदाहरण देते. आमच्या शेडचा पत्रा उन्हाने तापला की फुगतो आणि कट् कट् वाजतो. रक्ताचंही तसंच. हिरव्या लेझरचा अगदी क्षणभराचा झोत कातडीवर टाकायचा. रक्तातला लाल रंग तो हिरवा उजेड पिऊन टाकतो, किंचित तापतो, किंचित फुगतो आणि वाजतो. आपल्या कानांना ते ऐकू येत नाही, पण सोनोग्राफीत असतो तसल्या सेन्सरला येतं. आवाज कुठून आला, किती खोलातून आला, हे कॉम्प्युटर मोजतो आणि तिथे एक ठिपका ठेवतो. ठिपक्यांच्या रेघा होतात. रेघा म्हणजे रक्तवाहिन्या. सुई नाही, इंजेक्शन नाही, एक्स-रे नाही.

हे सगळं कशासाठी, तर डायबेटिसच्या पेशंटच्या पायांसाठी. साखरेने पायाच्या नळ्या खराब होतात, जखम भरत नाही. मोठ्या नळ्यांचं बघायला डॉप्लर सोनोग्राफी असते. पण अगदी टोकाला, जखमेच्या काठापर्यंत रक्त पोचतंय का, हे कळणं अवघड. सोसायटीच्या टाकीत पाणी आहे हे वॉचमन सांगू शकतो, चौथ्या मजल्यावरच्या नळाला येतंय का ते नळ उघडल्यावरच कळतं. आमचं मशीन तो नळ बघणार होतं. निदान कंपनीचं तसं म्हणणं होतं.

नेरूळच्या एका हॉस्पिटलात ट्रायल चालू होती. फिजिओथेरपीच्या शेजारची एक खोली आम्हाला दिली होती, तिथे पूर्वी व्हीलचेअर ठेवायचे. ट्रायल म्हणजे मशीनची परीक्षा, पेशंटची नव्हे. आमचा स्कॅन फाइलमध्ये जायचा आणि डॉक्टर त्यावरून काहीही ठरवणार नाहीत असं लिहून दिलेलं होतं. आणि पहिला नियम असा की पेशंटला रिझल्ट सांगायचा नाही. हा नियम मी स्वतः तिथल्या नर्सकडून आणि आमच्या दोन्ही ऑपरेटरकडून तोंडपाठ करून घेतला होता. चुकलं की परत म्हणायला लावायचे.

तीन महिने आम्ही नुसतं धुकं काढत होतो. पेशंट हलला की धुकं, जेलमध्ये बुडबुडा आला की धुकं, पायावर केस असले की त्याहून दाट धुकं. तळव्याची आणि अंगठ्याच्या कडेची कातडी जाड, तिथून काही दिसायचंच नाही. अशात निकम आले.

निकम म्हणजे छप्पन वर्षांचे गृहस्थ, उरणकडच्या एका कंटेनर यार्डात शिफ्ट इन्चार्ज. मूळचे कराडकडचे, आता सीवूड्सला फ्लॅट. चौदा वर्षांचा डायबेटिस आणि बारा-बारा तास सेफ्टी शूज. बूट चावून डाव्या अंगठ्याला जखम झाली होती, ती सहा आठवडे भरत नव्हती. आमच्या ट्रायलच्या प्रमुख डॉ. सबनीस, रक्तवाहिन्यांच्या सर्जन, यांनी तपासून सांगितलं होतं की पायाची नळी अडली आहे, शनिवारी ॲडमिट व्हा, तार घालून नळी उघडू. नाही उघडली तर अंगठा जाईल आणि मग अंगठ्यावर थांबेलच असं नाही.

"आमच्या यार्डात एक जण होता," निकम मला पाय स्टँडवर ठेवता ठेवता सांगत होते. "त्याचं बी अंगठ्यापासनंच सुरू झालं. तार घातली, फुगा घातला. आता पाय गुडघ्यापर्यंत गेलाय बघा. तारेमुळंच झालं म्हणतात."

"तारेमुळे नाही होत तसं," मी म्हटलं.

"तुमाला काय, तुमचा पाय न्हाई."

हे खरं होतं. मी फॉर्म भरायला घेतला. आमचा फॉर्म परदेशातल्या एका फॉर्मवरून उतरवलेला होता. पायावर टॅटू आहे का? नाही. कातडी सावळी करण्याचं लोशन लावलं आहे का? हा प्रश्न मी कराडकडच्या माणसाला विचारला आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी स्वतःच "नाही" लिहून टाकलं. क्रीम, तेल, मलम, लेप, घरगुती औषध? "काय न्हाई. डॉक्टरांची पट्टी फक्त." मी दाराचा लाल दिवा लावला, दोघांना गॉगल घातले, मग पट्टी सोडून पाय ओल्या कापसाने पुसला. हिरव्या लेझरपासून डोळे वाचवायला नारिंगी काचांचे गॉगल असतात. आमचे ऑपरेटर आधी पाय पुसून नीट ठेवायचे, मग गॉगल घालायचे. मी शिस्तीची. मी आधी गॉगल घालायचे.

आणि मग ते जाळं दिसलं.

मी काय केलं ते सरळ सांगते. स्क्रीन निकमांकडे फिरवली आणि म्हटलं, "बघा निकम, किती छान रक्त येतंय अंगठ्याला!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. तीन महिन्यांच्या धुक्यानंतर मला कुणाला तरी ते दाखवायचंच होतं, आणि खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

निकमांनी गॉगल कपाळावर सरकवला. मी त्यांना ओरडले, लेझर बंद असला तरी नियम म्हणजे नियम. त्यांचं लक्षच नव्हतं. ते स्क्रीनला बोट लावून एकेक रेघ बघत होते.

"हे सगळं रक्त?"

"हो."

"मंजे टेन्शन न्हाई?"

"दिसतंय तर छान," मी म्हटलं आणि टॉवेल दिला.

त्या संध्याकाळी मी रबाळ्याला ऑफिसात फोटो दाखवला. ऋत्विक आमचा मॅनेजिंग डायरेक्टर. वय चौतीस, परदेशात शिकलेला, मला "अनघा मॅम" म्हणतो आणि माझ्याकडून मराठी सुधारून घेतो. फोटो बघून तो खुर्चीतून उठला.

"मॅम, हे आपलं मशीन आहे?"

"आपलंच."

"फिल्टर मारलाय?"

"काही मारलेलं नाही."

"हा स्लाइड सिक्सवर जाणार," तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात पैसे गुंतवणाऱ्यांसमोर त्याचं प्रेझेंटेशन होतं. स्लाइड सिक्सवर तोपर्यंत चित्रकाराचं चित्र होतं. ऋत्विकने स्टाफसाठी सामोसे मागवले. मी दोन खाल्ले. घरी जाऊन नवऱ्याला मशीनचं तत्त्व पत्र्याच्या उदाहरणासह पुन्हा समजावलं. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या पाठी, अशी माझी अवस्था होती, फक्त लांडगा अजून दिसला नव्हता.

तो पुढच्या गुरुवारी दिसला. ऋत्विकला फोटो फिरता हवा होता, म्हणजे पाय सगळ्या बाजूंनी दिसेल असा व्हिडिओ. आमच्या स्क्रीनवर येतं ते वरून बघितलेलं चित्र असतं. सगळ्या खोलीचे ठिपके एकावर एक पडलेले. गच्चीवरून रस्ता बघितला की झाड किती उंच ते कळत नाही, तसं. मी चित्र आडवं केलं, बाजूने बघितलं आणि माझा हात माउसवरच राहिला.

रक्तवाहिन्या कातडीच्या खाली, तिला साधारण समांतर पसरलेल्या असतात. निकमांच्या अंगठ्याच्या रेघा कातडीच्या वरच्या पृष्ठापासून सुरू होत होत्या, सरळ खाली उतरत होत्या आणि मध्येच संपत होत्या. एकही रेघ खाली कशाला जोडलेली नव्हती. आणि जिथे खऱ्या रक्तवाहिन्या असायला हव्यात, त्या थरात जवळजवळ काही नव्हतं. दोन-तीन पुसट तुकडे, बस्स.

भेगा. जाड, कोरड्या कातडीला पडलेल्या भेगा. त्यांच्यात काहीतरी लाल भरलेलं होतं, ते हिरवा उजेड पीत होतं आणि वाजत होतं. मशीनला रक्त ओळखता येत नाही. मशीनला लाल ओळखता येतं.

फाइलमधल्या नंबरवर फोन लावला. निकम ड्युटीवर होते, त्यांच्या पत्नीने उचलला, शैलाताईंनी. मी पायाला काही लावलं होतं का विचारलं. नाही म्हणाल्या. हळद? नाही. लाल औषध? नाही. आळता, मेंदी, नखाचा रंग? "अहो मॅडम, पुरुषमाणूस तो!"

मग मी सर्व्हिस इंजिनीअरची जुनी युक्ती केली. बिघाड काय झाला ते विचारायचं नाही, मशीनचं काय काय केलं ते विचारायचं.

"ताई, स्कॅनच्या आधीच्या चार दिवसांत त्यांच्या पायाचं काय काय झालं ते ओळीने सांगा. धुतला, पुसला, बूट घातला, सगळं."

"बुधवारी ड्युटी. मंगळवारी ड्युटी. सोमवारी पट्टी बदलली. रविवारी आईकडे गेलेलो, कोपरखैरण्याला. धोंडे होते ना."

अधिक महिना चालू होता. अधिकात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, तेहेतीस अनारशांचं वाण देतात. डायबेटिसच्या जावयालाही देतात, तो मुद्दा वेगळा. जावई म्हणजे त्या दिवशीचा नारायण.

"आणि पाय?" मी विचारलं.

"आईने ताटात पाय धुतले त्यांचे. दोघांचे. मग कुंकू."

"कोरडं?"

"ओलं कालवलेलं. पायांवर स्वस्तिक काढलं, अंगठ्यांना लावलं, फुलं वाहिली. पण जखमेला नाही हं हात लावला. तिथे पट्टी होती. आई सगळं सांभाळून करते."

"मग हे फॉर्म भरताना का नाही बोलले ते?"

"तुम्ही औषध विचारलंत ना," शैलाताई म्हणाल्या. "कुंकू काय औषध आहे?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी फोन ठेवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बाकी मॅडम, तुमचे उपकार. तुम्ही रक्त छान आहे सांगितल्यापासून हे इतके खूश आहेत! शनिवारचं कॅन्सलच केलं त्यांनी. तीन रात्री झोपले नव्हते, त्या दिवसापासून शांत झोपतात."

मी खुर्चीत बसलेलीच होते. तरी कुठेतरी बसावंसं वाटलं. पाच दिवसांपूर्वी त्या माणसाची नळी उघडायची होती. ती उघडली नव्हती, कारण मी एका कुंकवाला छान म्हटलं होतं.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. आमच्या ऑफिसात गणपतीचा एक फोटो आहे, त्याच्यापुढे करंड्यात कुंकू असतं. चिमूटभर घेतलं, पाण्यात कालवलं आणि माझ्या उजव्या टाचेला लावलं. माझ्या टाचांना भेगा आहेत, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत मशीन ढकलण्यात आयुष्य गेलंय. तासभर ठेवलं, दोनदा साबणाने धुतलं. साध्या डोळ्यांनी बघितलं तर भेगांत गुलाबी झाक दिसत होती. मग नारिंगी गॉगल घातला आणि बघितलं. टाच स्वच्छ. त्या काचांतून लाल रंग कातडीत मिसळून जातो. शिस्तीने आधी गॉगल घालणाऱ्या बाईला तो दिसणारच नव्हता. आमच्या बेशिस्त ऑपरेटरना दिसला असता.

मी टाच टेस्ट मशीनखाली ठेवली. जाळं आलं. निकमांच्या जाळ्यापेक्षा सुंदर.

त्याच वेळी ऋत्विक आत आला. बाहेरचा लाल दिवा बघून तो थांबला होता, गॉगल घालून आला, तेवढं मी त्याला शिकवलंय. स्टुलावर बसून, साडीचा काठ वर धरून, टाच मशीनमध्ये घातलेल्या मला त्याने बघितलं. मग स्क्रीन बघितली.

"वॉव," तो म्हणाला. "मॅम, तुमचं सर्क्युलेशन काय मस्त आहे!"

"हे सर्क्युलेशन नाही. हे गणपतीसमोरचं कुंकू आहे."

त्याला सगळं सांगितलं.

"प्रेझेंटेशनचा डेक मेल झालाय मॅम. सकाळीच. स्लाइड सिक्ससकट."

"परत मागव."

"ई-मेल परत मागवता येत नाही."

"मग दुसरा पाठव. लिही, आधीच्या फोटोत रक्ताऐवजी जावयाची पूजा आली होती."

"आपण खाली बारीक अक्षरात 'रिप्रेझेंटेटिव्ह इमेज' टाकलं तर?"

"ऋत्विक, त्या माणसाने ऑपरेशन कॅन्सल केलंय."

मुलगा वाईट नाही. दहा मिनिटांनी स्वतःच येऊन म्हणाला, "मी मेल करतो. तुम्ही त्यांच्या घरी जा. आधी डॉक्टरांना फोन करा."

डॉ. सबनीसना फोन करणं हा माझ्या नोकरीतला सगळ्यात लांब फोन होता, आणि तो तीन मिनिटांचा होता.

"पेशंट म्हणाला मशीनवाल्या मॅडमनी सांगितलं रक्त छान येतंय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तो बहाणा करतोय. त्याला म्हटलं, त्या असं बोलणारच नाहीत, त्या नियमाच्या पक्क्या आहेत. तुम्ही बोललात?"

"हो."

"का?"

"फोटो चांगला आला होता."

मग त्या म्हणाल्या, "तुम्ही ही गोष्ट लेखी द्याल. ते नंतर. त्यानंतर आमच्याकडून तीन फोन झालेत त्याला, उचलत नाही. आज त्याला गाठा. शनिवारी माझी ऑपरेशनची लिस्ट आहे, पहिला नंबर त्याचा ठेवते. अंगठ्याचा रंग बघा आणि मला कळवा."

मला लाज वाटली. सव्वीस वर्षांत मशीन जळाली, पाण्यात भिजली, एक लिफ्टमधून पडलं. त्यातल्या कशाचीही वाटली नव्हती इतकी.

संध्याकाळी सीवूड्सला पोचले. निकम नुकतेच ड्युटीवरून आले होते. त्यांच्या सासूबाईही आल्या होत्या, जावयाचा पाय बरा आहे हे ऐकून, सोबत डबा घेऊन. डब्यात काय होतं ते मी विचारलं नाही. नऊवारी नेसलेल्या, ऐंशीच्या आसपासच्या, खाली चटईवर बसलेल्या. निकमांनी मला सोफ्यावर बसवलं. शैलाताई चहा टाकायला गेल्या. इतकं आदरातिथ्य की तोंड उघडवेना.

उघडलं. मशीनने चूक केली, ते रक्त नव्हतं, भेगांतलं कुंकू होतं, तुमच्या अंगठ्याला रक्त फार कमी येतंय, शनिवारी जावंच लागेल.

निकमांचा चेहरा हळूहळू बंद झाला.

"तवा मशीन खरं होतं आन् आता खोटं झालं?"

"मशीनने तेच दाखवलं. मी वाचलं चुकीचं."

"डॉक्टरनी पाठवलं काय तुमाला?"

"मीच आले."

"सरळ सांगा की मॅडम. गिऱ्हाईक हातचं गेलं म्हणून पाठवलंय. तुमाला किती टक्के?"

शैलाताई दारातूनच म्हणाल्या, "अहो, काय बोलताय!" पण त्या माणसाला काय दोष द्यायचा? गेल्या गुरुवारी एका बाईने गॉगल लावून त्याला जीवदान दिलं होतं, या गुरुवारी तीच बाई बिनगॉगलची येऊन परत मागत होती.

मी दोन फोटो मोबाइलमध्ये घेऊन आले होते. ते पुढे केले.

"हा तुमचा अंगठा. आणि हे बघा, याच्यापेक्षा चांगलं."

"हे कोणाचं?"

"माझी टाच. आज कुंकू लावून काढला. माझ्या टाचेला एवढं रक्त असतं तर ती कापल्यावर कारंजं उडालं असतं."

ते दोन्ही फोटो त्यांनी मोठे करून बघितले. यार्डात कंटेनरचे सीलनंबर तपासणारा माणूस. दोन फोटोंत एकाच जातीच्या रेघा आहेत हे त्यांना लगेच दिसलं. मग मी पट्टी सोडायला सांगितली. अंगठ्याचं टोक जांभळट काळं झालं होतं. शैलाताईंनी तोंडावर हात ठेवला. पट्टी बदलताना त्या ते रोज बघत होत्या आणि रोज स्वतःला सांगत होत्या की रक्त छान आहे, मॅडमनी बघितलंय.

चटईवरच्या सासूबाई हलल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माज्या कुंकवानं झालं व्हय हे?"

"नाही आजी. कुंकवाने काही झालं नाही. माझ्या तोंडाने झालं."

त्यांनी ते मनात तोलून बघितलं असावं. मग जावयाकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून, जुन्या पद्धतीने बोलल्या. "जावईबापूंना म्हणावं, तेहेतीस अनारसं घेताना न्हाई कुनी भ्यालं. एका तारंला काय भ्यायचं? माजी लेक हाय त्येंच्या पदरात."

निकमांनी पट्टी पुन्हा गुंडाळायला घेतली. मग मला म्हणाले, "किती वाजता यायचं शनवारी?"

मी डॉक्टरांना रंग कळवला. त्या म्हणाल्या, उद्याच आणा.

शुक्रवारी ॲडमिट झाले, शनिवारी सकाळी नळी उघडली. तार गेली, फुगा फुगला, पायात रक्त उतरलं, पाय वाचला. अंगठ्याचं पहिलं पेर वाचलं नाही. ते पुढच्या आठवड्यात काढावं लागलं.

मी डॉ. सबनीसना एकदाच विचारलं, "आठवडाभर आधी आले असते तर वाचलं असतं?"

"कदाचित," त्या म्हणाल्या. "कदाचित नाही. सांगता येत नाही." मी डॉक्टरांसोबत आयुष्य काढलंय. सांगता येत नाही हे त्या खरंच म्हणाल्या की माझ्यासाठी, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

मी लेखी दिलं. हॉस्पिटलच्या समितीने ट्रायल महिनाभर थांबवली, मग अटींसह चालू केली. फॉर्ममध्ये आता एक ओळ आहे: गेल्या पंधरा दिवसांत पायाची पूजा झाली आहे का? लोक हसतात, पण उत्तर देतात, आणि तुम्हाला आश्चर्य वाटेल इतक्या पायांची पूजा होत असते. सॉफ्टवेअर आता बाजूचं चित्र आधी दाखवतं. गुंतवणूकदारांकडे ऋत्विकचा खुलासा पोचला. स्लाइड सिक्सवर नंतर नुसत्या मशीनचा फोटो टाकला. मशीनचा निळा रंग सगळ्यांना आवडला म्हणे.

दोन महिन्यांनी निकमांचा पुन्हा स्कॅन झाला. यावेळी मी साध्या डोळ्यांनी पाय आधी बघितला, मग गॉगल घातला. स्क्रीनवर कातडीखाली चार-पाच तोकड्या, वाकड्या, मधेच तुटक रेघा आल्या. माहितीपत्रकात कोणी छापणार नाही अशा. बाजूने बघितल्या, बरोबर खोलीवर होत्या. त्या खऱ्या होत्या. मी काही बोलले नाही, पण डोळे भरून आले आणि गॉगल आतून ओला झाला.

"आज काय म्हणतंय?" निकमांनी विचारलं.

"डॉक्टरांना विचारा."

ते हसले, पट्टी गुंडाळली आणि बूट घालायला लागले. नवीन होते, रुंद, अंगठ्यापाशी थोडे रिकामे.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच उत्तर देते. कोणी विचारलं रक्त येतंय का, डॉक्टरांना विचारा. ही लाल रेघ कसली, डॉक्टरांना विचारा. एका काकांनी विचारलं, निदान हा पाय डावा आहे का उजवा एवढं तरी सांगा, तर सवयीने तेच तोंडातून गेलं. मागच्या महिन्यात ऋत्विकने मला एक अभिप्राय पुढे पाठवला, पेशंटने हॉस्पिटलच्या पेटीत टाकलेला. 'मशीन चांगले वाटले. परंतु चालवणाऱ्या मॅडमना त्यातले काही कळत नाही. कंपनीने शिकलेला माणूस ठेवावा.' खाली ऋत्विकने एवढंच लिहिलं होतं, "मॅम, यावर तुमचं म्हणणं?"

माझं म्हणणं मी एका ओळीत कळवलं. तक्रार रास्त आहे, आणि हे कळायला मला सव्वीस वर्षं आणि दुसऱ्याच्या अंगठ्याचं एक पेर लागलं.